एक वाटी अळणी

आत्ती,

सोमवारी सकाळी दहा वाजता मला नर्सिंगच्या शाळेत हजर व्हायचं आहे. एएनएमचा कोर्स, दोन वर्षांचा. यादीत माझं नाव लागलं आहे. आज शनिवार, दुपारचे अडीच वाजलेत, तुमचा लेक दुसऱ्या पाळीला गेलाय, नात क्लासला गेलीय, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून फरशीवर बसून तुम्हाला लिहिते आहे. चार दिवस छातीत धडधडतंय. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, काल भाजीत दोनदा मीठ घातलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. वर्षातून एकदा तुमच्या आवडीचं पान वाढते, फोटो पुसते, आणि तुमच्याशी जे बोलायला हवं ते सोडून बाकी सगळं मनातल्या मनात बोलते. पण आता सोमवार तोंडावर आलाय आणि जे सोडलं ते बोलल्याशिवाय तिथं पाऊल टाकता येईल असं वाटत नाही.

यादी मोबाईलवर आली. नातीनं उघडली, बोट वरखाली सरकवत गेली आणि एकदम ओरडली, "मम्मी, चौथा नंबर! चौथा!" मी भाकरी थापत होते. माझे हात पिठाचे, म्हणून तिनंच मला मागून मिठी मारली. तुमच्या लेकानं यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "बघ बाई. समद्या पोरी अठरा-एकोणीसच्या असनार. तू जाऊन बसनार व्हय त्यांच्यात बाकावर?" मग जरा वेळानं, मोटारसायकलची किल्ली शोधता शोधता, "बसशील की. तुला काय." तुम्ही त्याला जसा सोडून गेलात तसाच आहे तो, आधी पोटात गोळा आणतो आणि मग विसरून जातो. वयाची अट पस्तीस आहे, मला चौतीस पूर्ण झाली. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. फॉर्म भरायचं डोकं नातीचंच. गेली काही वर्षं गल्लीत कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी अंथरुणाला खिळलं, की पहिली हाक मला येते. माणसाला न उठवता चादर कशी बदलायची, कूस कशी वळवायची, हे बायका मला विचारतात. "सासूचं केलंय हिनं," असं एकमेकींना सांगतात. ते ऐकलं की मी पटकन कामाला लागते, म्हणजे मान वर करावी लागत नाही.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या मॅडम वयानं मोठ्या, केस पांढरे, घट्ट बांधलेले. त्यांनी विचारलं, "घरी कुणा आजाऱ्याचं केलंय का?" मी म्हटलं, "सासूबाईंचं केलंय. उजवी बाजू गेली होती. चार महिने." त्यांनी लगेच विचारलं, "पाठीला जखमा झाल्या होत्या?" मी म्हटलं, "एकही नाही." "कशी काय नाही?" आणि मग मी सांगतच सुटले. दर दोन तासांनी कूस बदलायची, घोटा टेकू द्यायचा नाही, चादरीला एक सुरकुती ठेवायची नाही, अंग पुसल्यावर कोरडं करूनच पावडर लावायची, आणि रात्रीसाठी मी घड्याळाचा गजर लावत होते, तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. शेजारच्या सरांना म्हणाल्या, "बघा, ही अर्धी शिकूनच आलीय." आणि मग अगदी सहज, कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, "कशानं गेल्या मग?" मी म्हटलं, "झोपेत गेल्या, मॅडम."

असं खोटं बोलायचं ठरवून मी गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं. चौथा नंबर मला त्यावरच मिळाला असणार, मार्कांवर मिळण्यासारखे माझे बारावीचे मार्क नाहीत. तुम्ही झोपेत गेला नाहीत. तुम्ही तीन दिवस एकेका श्वासासाठी झगडलात, आणि ते माझ्या हातचं मटणाचं अळणी पाणी छातीत उतरलं म्हणून. अकरा वर्षं मला हेच ठाऊक होतं. आता त्याच हाताला आजाऱ्यांना भरवायचा रीतसर कागद मिळणार. जावं की न जावं, हे मला सोमवारपर्यंत ठरवायचं आहे, आणि विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही. हसू नका. तुम्ही असतात तर मला कानशिलात दिली असती, आणि खरं सांगते, मला ते सोपं गेलं असतं.

तुमची खाणावळ आठवते. पुढची खोली, दोन लांब पाट आणि भिंतीकडेला एक बाकडं. शिवाजी पेठेत खाणावळींना काही तोटा नव्हता, पण परगावाहून नोकरीला आलेली माणसं तुमच्याकडंच टिकायची, कारण तुम्ही त्यांना दटावून वाढायच्या. "पावणं, निम्मी भाकरी टाकून उठताय व्हय? बसा खाली." रविवारी मटण. सकाळी सातला तुमचा लेक पिशवी घेऊन रांगेत, साडेआठला पातेलं शेगडीवर. आलं, लसूण, हळद, मीठ घालून मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी वरचं पाणी तुम्ही वेगळं काढायच्या. कोणी नवखा विचारायचा, मीठ आहे की यात, मग अळणी कसं म्हणता? तुम्ही म्हणायच्या, "तिखट न्हाय ते अळणी. गप पी." आणि त्यातली पहिली किटली घरात राहायची नाही. गल्लीत कोणी बाळंतीण असेल, कोणी दवाखान्यातून घरी आलेलं असेल, त्या घरी जायची. पोचवायचं काम माझं. "गरम हाय तवर दे, आन ते पिऊस्तवर तितनं हालू नगंस. सुना निम्मं सवताच पित्यात." मग मी कोणाच्यातरी घरात, आजाऱ्याच्या पायाशी, पदर सावरत उभी. आजारी माणूस घोट घोट घेतंय, त्याच्या सुना माझ्याकडं रागानं बघतायत, आणि मी रिकामी किटली घेतल्याशिवाय हलत नाहीय. माणूस उठून चालायला लागलं की त्या घरची बाई येऊन सांगायची, तुमच्या अळणीनं उठला बघा. तुम्ही म्हणायच्या, "मग डाक्टर काय झोपा काढत हुता व्हय?" पण त्या दिवशी तुमचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा लागायचा.

आणि तुम्हीच मला बारावीला बसवलंत. आमच्या गगनबावड्याकडं पाऊस लागला की पोरींची शाळा आधी सुटायची, त्यातूनही मी दहावी झाले होते, आणि लग्न होऊन इथं आल्यावर तेवढं पुष्कळ झालं असं धरून चालले होते. एकदा जेवायला आलेल्या क्लार्कनं औषधाच्या बाटलीवरचं काहीतरी मला वाचायला सांगितलं आणि मी चारचौघांत म्हणाले, "मला नाही जमत इंग्रजी." तुम्ही वाढता वाढता थांबलात. सगळ्या पंगतीसमोर म्हणालात, "न्हाय जमत असं ह्या घरात म्हनायचं न्हाय. भाकरी तरी जमत हुती व्हय तुला, आलीस तवा? नकाशे थापत हुतीस, आमी खाल्ले न्हवं?" मला रडू फुटलं. मी आत गेले. तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. चौथ्या दिवशी तुम्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारावीची गाईडं आणलीत, सगळी विज्ञानाची. मला तर कॉलेजात न जाता बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, आर्ट्सला बसायचं होतं. मग परत जाऊन दुकानदाराशी भांडून ती बदलून आणलीत, चूक तुमची असून. दुपारची भांडी तुम्ही घासायच्या आणि मी इथं, आत्ता बसले आहे तिथंच, मोठ्यानं वाचायचं. माझा आवाज थांबला की मोरीतून तुमचा यायचा, "झोपलीस व्हय?"

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाचं चाललं होतं आणि तुमच्या हातातून झारा पडला. नंतर तुम्ही पडलात. बारा दिवस दवाखान्यात. वाचा जवळजवळ गेली, चार-पाच शब्द राहिले. घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. माझ्याच वयाची असेल, पण बोलण्यात जरब. म्हणाली, "नीट ऐका. यांची गिळायची ताकद कमी झालीय. पातळ काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, दूध नाही. पातळ गेलं की ते पोटाकडं न जाता छातीत उतरतं, आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. घोटून, घट्ट करून, ताठ बसवून, लहान चमच्यानं. म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, आत्ती. तोंडपाठ होतं.

आणि चार महिने मी ते पाळलं. भात घोटून, केळं कुस्करून, पाण्यातसुद्धा नाचणीचं सत्त्व शिजवून. भेटायला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी पातळ घेऊन यायचं, कोणी शहाळं, कोणी ताक, आणि तुम्ही ज्यांना ज्यांना किटली धाडली होतीत त्या घरांतून तर दर रविवारी अळणी. तुमचंच शिकवलेलं तुमच्या दारात परत येत होतं आणि मी ते उंबऱ्यावर अडवत होते. "येवढ्या गल्लीला पाजलं त्या माऊलीनं, आन ही बया तिला घोटभर दिना," असं गल्लीतल्या बायका मला ऐकू येईल इतक्या हळू बोलायच्या. मी ऐकायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या चार महिन्यांतली मी मला आवडते. तेवढीच आवडते.

मग तो रविवार. दुसऱ्या दिवशी सोमवारी माझा बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. खाणावळ बंद होती, पण घरापुरतं मटण होतंच, तुमच्या लेकाला रविवारी भाजी चालत नाही. जेवून तो पोरीला खांद्यावर बसवून मॅच बघायला गेला. घरात तुम्ही आणि मी. मटणाचा वास पुढच्या खोलीत पोचला होता, आणि तुम्ही बाराच्या सुमाराला सुरुवात केलीत. डावा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायचा आणि म्हणायचं, "दे." मी घट्ट भात आणला, तुम्ही तोंड फिरवलंत. "दे की." मी सांगितलं, आत्ती, डॉक्टरांनी नाही सांगितलंय. "दे की. दे की." ज्या बाईचा आवाज तालमीपर्यंत जायचा, तिच्याकडं एवढाच ऐवज उरला होता, आणि तो तुम्ही सगळा खर्च करत होतात. माझ्या मांडीवर इंग्रजीचं गाईड. मी एक वाक्य वाचते, हात आपटतो. पुन्हा तेच वाक्य वाचते, पुन्हा हात. चार वाजेपर्यंत हे चाललं. मग माझ्यानं बघवेना. मी उठले, पातेल्यात बाजूला काढलेलं अळणी गाळलं, निववलं, तुम्हाला पाठीशी तीन उशा देऊन ताठ बसवलं आणि लहान चमचा घेतला. पहिल्या चमच्याला ठसका लागला, तुमचं तोंड लाल झालं. मी थांबले. तुम्ही डोळ्यांनी वाटी दाखवलीत. दुसरा गेला, तिसरा गेला. वाटी संपली तशी तुम्ही ती डाव्या हातानं माझ्याकडून घेऊन उपडी करून बघितलीत, खरंच संपली का. मग म्हणालात, "बास." आणि डोळे मिटलेत.

सोमवारी सकाळी तुमचं कपाळ कोमट लागलं. तुमच्या लेकाला मी म्हटलं, "जरा कणकण वाटतीय," आणि पेपरला गेले. अकरा ते दोन. परत आले तर दारातच तुमचा श्वास ऐकू आला, हुक्का ओढल्यासारखा. रिक्षातून दवाखान्यात. त्याच दवाखान्यात, पण ती सिस्टर त्या दिवशी नव्हती, याचा मला तेव्हा किती आधार वाटला होता ते आठवलं की लाज वाटते. डॉक्टरांनी तुमच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि बाहेर येऊन विचारलं, "पातळ काही दिलं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत तुमचा लेक म्हणाला, "छ्या! माझी बायको लई जपती, डाक्टर. पान्याचा थेंब देत न्हाय." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि दहाव्याला गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी.

काल शुक्रवारी वन्सं आल्या होत्या, जयसिंगपूरहून, एसटीनं, गुडघे धरत. तुमची लेक आता अगदी तुमच्यासारखी दिसते, चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करते. यादीचं कळल्यापासून त्यांचे चार फोन येऊन गेले होते. माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं, सेकंदकाट्याचं. "नाडी मोजाय लागतंय म्हनं. बांध." स्वतःच माझ्या मनगटाला बांधलं आणि म्हणाल्या, "हे बघ, भ्यायचं काय काम न्हाय. आमच्या आईला बघितलीस तशी समद्यास्नी बघ, म्हंजे झालं." आणि मला सहन झालं नाही. चहाचं आधण उकळत होतं ते तसंच ठेवून मी म्हटलं, "वन्सं, मी आत्तींना अळणी पाजलं होतं. शेवटच्या रविवारी. वाटीभर. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलले नाही."

आधण आटत चाललं. शेवटी मीच गॅस बंद केला. मला वाटलं आता उठतील, पिशवी उचलतील, आणि त्यांचं घर मला बंद. त्यांनी विचारलं, "कुनाला बोललीस?" मी म्हटलं, "कुणालाच नाही." मग त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "त्याच्या आदल्या शुक्कारी मी आलते, ध्यानात हाय? तू वर कापडं वाळत घालाय गेलतीस. गुऱ्हाळावरनं उसाचा रस आणलेला बाटलीतनं, तुमच्यासाठी. आईनं बाटली बघितली आन सुरू केलं, दे की, दे की. मी म्हटलं, येवढ्यानं काय हुतंय. निम्मी बाटली पाजली गं. लई खोकली. मी पाठ चोळली, तोंड पुसलं, आन तू जिन्यानं खाली यायच्या आत बाटली पिशवीत कोंबली." मग त्याच पुढं म्हणाल्या, "डाक्टरनं इचारलं तवा मी बी तितंच हुते की, तुमचा फोन आला तशी धावत आलते. तुझ्या पाठीमागं. तू गप बसलीस, मला वाटलं बरं झालं, हिला म्हाईत न्हाय." अकरा वर्षं, आत्ती. दर वर्षी तुमच्या पानाला त्या इथं येतात, मी वाढते, त्या वाढतात, आणि दोघी एकमेकींपासून लपवून असतो. तुमच्या छातीत काय उतरलं, रस की अळणी, की दोन्ही, ते आता कोण सांगणार? काल आम्ही रडलोसुद्धा नाही. चहा केला, त्यात साखर घालायची राहिली, आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

जाताना वन्सं दारात थांबल्या. मी म्हटलं, "मग कुठल्या तोंडानं जाऊ मी तिथं?" त्या उसळल्याच. "ह्याच तोंडानं जा. तिथं रोज कुनीतरी बाटली घिऊन येनार, माया उतू चाललेलं. त्यांच्या हातातली बाटली कोन काढून घेनार? त्या अठरा वर्सांच्या पोरी? त्यास्नी काय कळतंय. तू काढून घेशील." मग आवाज खाली आणून विचारलं, "तुला बी दया आली आसंल न्हवं? मला तसंच झालं बघ. आईचं त्वांड बघवलं न्हाय." मी म्हटलं, "हो."

काल रात्री मी चार दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले. सकाळी उठले तेव्हा धडधड परत जागेवर होती, आणि कशाची ते आता मला नीट कळलं. वन्संना मी जे "हो" म्हटलं ते खरं नाही. त्यांना दया आली होती. मला राग आला होता. बारापासून चारपर्यंत तुमचा तो हात माझ्या डोक्यात आपटत होता, निबंध पाठ होत नव्हता, आणि तुम्हीच बसवलेल्या परीक्षेला तुम्हीच मला बसू देत नाही म्हणून मी आतल्या आत तुम्हाला नको नको ते बोलत होते. अळणी गाळताना सिस्टरचं बोलणं मला शब्द न्‌ शब्द आठवत होतं. तरीही मी गाळलं, कारण तुम्ही गप्प व्हायला हव्या होतात. माझ्यानं बघवेना असं मी वर लिहिलंय. ऐकवेना, असं लिहायला हवं होतं.

मी सोमवारी जाणार आहे. त्या मधल्या मॅडमना आधी भेटेन आणि सांगेन की माझ्या सासूबाई झोपेत गेल्या नाहीत, मी पातळ पाजलं होतं. मग त्यांनी घ्यावं की घरी पाठवावं, ते त्यांचं. माझी भीती ती नाही. रक्ताची नाही, बाकावर पोरींच्यात बसायची तर नाहीच. वॉर्डात ओळीनं खाटा असतील, सगळे काहीतरी मागत असतील, मी दमलेली असेन, आणि कुणीतरी एक जण थांबणारच नाही. तेव्हा माझा हात काय करेल हे मला माहीत नाही, आणि तो कोर्स दोन वर्षं केला तरी ते आधी कळेल असं वाटत नाही. मॅडमना अळणीचं सांगवेल. पुढचं त्यांना सांगवणार नाही, वन्संना सांगवलं नाही, तुमच्या लेकाला तर नाहीच, म्हणून या कागदावर लिहिते, जो कुठंच टाकायचा नाही. त्या दिवशी तुम्ही डोळे मिटलेत, घर शांत झालं, मी गाईड उघडलं, आणि मला फार बरं वाटलं, आत्ती.